तळटीप : ‘मागची थकबाकी’

१२. मागची थकबाकी : मराठवाड्यातला कंधार तालुका १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजना १९७२ साली आली आणि १९८० पासून ती सन्मान पेन्शन म्हणून वाढीव स्वरूपात सुरू झाली. मराठवाड्यातल्या अनेकांचे अर्ज मात्र पुढे कित्येक वर्षांनी गेले. कारण पुराव्यासाठी लागणारी तुरुंगाची दप्तरे उर्दूत होती आणि ती हाती लागणे कठीण होते. निजामाच्या राज्याच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहून लढलेल्यांकडे तर तुरुंगाचा दाखलाच नसे; सहकारी सैनिकाच्या प्रमाणपत्रावर भिस्त असे. अशा वेळी पेन्शन कधीपासून द्यायची?

हैदराबाद संस्थानातील आर्य समाजाच्या सत्याग्रहींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली, मुकुंदलाल भंडारी खटल्यात, निकाल दिला : अर्जाची मुदत टळली म्हणून हक्क बुडत नाही, पेन्शन अर्ज पोचल्याच्या तारखेपासून मिळेल, पुरावा मागाहून जोडला तरी चालेल. अर्जाआधीच्या काळाची थकबाकी मात्र मिळणार नाही. पुढे स्वामीनाथन खटल्यात, संशयाचा फायदा देऊन मंजूर केलेली पेन्शन आदेशाच्या तारखेपासूनच धरावी, असे ठरले. म्हणजे कागद नसलेल्याचेच नुकसान अधिक झाले, आणि हे अन्यायाचे आहे. वाचकांच्या घरी अशा अर्जाची आवक-शिक्का असलेली प्रत असेल, तर ती जपून ठेवावी. एरवी हक्काची तारीख त्या शिक्क्यावरूनच ठरत असे.

— संपादक