रस्त्यात गेलेली घरे

‘अमक्याचे घर रस्त्यात गेले’ हा शब्दप्रयोग जुन्या शहरांतील कुटुंबांना नवा नाही. मोबदला ठरतो, कागदोपत्री प्रकरण मिटते. परंतु त्या घरातील बिऱ्हाडकरूंचे, ओट्यावर मशीन मांडणाऱ्या शिंप्याचे, शेजाराच्या आधारावर जगणाऱ्या वृद्धेचे पुढे काय झाले, याची नोंद नकाशात नसते.

मुंबईने हा धडा महागात घेतला. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये तेथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढण्यात आले. वारा खेळू लागला. मात्र उठवलेली गरीब कुटुंबे आसपासच्या चाळींत शिरली आणि दाटी केवळ जागा बदलून राहिली.

सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात मात्र वेगळा विचार आला. १९१४ मध्ये हिंदुस्थानात आलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये बडोदे शहराच्या विकासावर अहवाल लिहिला. उपचारापूर्वी निदान, हे त्यांचे सूत्र होते. गल्लीबोळ पायी हिंडावेत, लोक कसे राहतात ते पाहावे, मोडकळीस आलेली मोजकीच घरे काढावीत आणि उरलेली वस्ती राखावी, असा त्यांचा आग्रह असे. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, हा योगायोग नव्हे.

कायद्याला येथवर पोहोचण्यास जवळजवळ शतक लागले. १८९४च्या भूसंपादन कायद्याची दृष्टी मुख्यतः मालमत्तेच्या किमतीवर होती. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३च्या कायद्याने संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचे मूल्यमापन व जनसुनावणी आवश्यक केली. ज्यांची उपजीविका त्या जागेवर अवलंबून आहे अशा भाडेकरूंनाही बाधितांत गणले. तथापि राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनाला हे मूल्यमापन लागू झाले नाही आणि गुजरातच्या २०१६च्या दुरुस्तीने पायाभूत प्रकल्पांना त्यातून सूट देण्याचा अधिकार शासनाला मिळाला. म्हणजे प्रश्न मान्य झाला, पण तो विचारण्याची सक्ती सैल झाली.

रस्ते हवेतच, रुग्णवाहिकेला अरुंद बोळ अडवतो, हेही सत्य आहे. परंतु ज्या सुनावणीत बोलावयाचे, तेथे आठवणींपेक्षा पुरावा बोलतो. १८९६च्या टॉवरभोवती वाढलेल्या आपल्या रावपुऱ्यात किती घरांतून खरेदीखते, भाडेपावत्या, बिऱ्हाडांच्या याद्या अजून पेटीत पडून असतील! त्या जपणे हे केवळ कुलाभिमानाचे काम नाही. घराची किंमत सरकार ठरवील. तेथे कोण, किती वर्षे, कोणाच्या आधाराने राहिले, हे आपणच सांगितले पाहिजे.