लहान आतड्यातील जिवाणूंची अतिवाढ

लहान आतड्यातील जिवाणूंची अतिवाढ हा पचनसंस्थेचा एक विकार आहे. मोठ्या आतड्यात उपकारक ठरणारे जिवाणू लहान आतड्यात प्रमाणाबाहेर वाढले की तो उद्भवतो. त्यावर प्रामुख्याने प्रतिजैविकांनी उपचार करतात.

स्वरूप व कारणे

मोठ्या आतड्यात दर ग्रॅममागे सुमारे १०० अब्ज जिवाणू असतात. ते तंतुमय पदार्थ आंबवतात व काही जीवनसत्त्वे तयार करतात. लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र त्यांची संख्या अत्यल्प असते. जठरातील आम्ल, पित्तरस, आतड्याची पुढे ढकलणारी हालचाल आणि दोन्ही आतड्यांमधील झडप यांमुळे ती मर्यादित राहते. मधुमेहामुळे मंदावलेली हालचाल, पोटावरील शस्त्रक्रिया, आम्ल कमी करणाऱ्या औषधांचे दीर्घ सेवन अथवा क्षयरोगामुळे आतड्याला आलेला अरुंदपणा यांमुळे हे संरक्षण दुबळे होते.

लक्षणे व परिणाम

पोट फुगणे, वायू, पोटदुखी, जुलाब व वजन घटणे ही लक्षणे आढळतात. जिवाणू पित्तक्षारांचे विघटन करतात, त्यामुळे मेदाचे व अ, ड, ई या जीवनसत्त्वांचे शोषण घटते. ते ब-१२ जीवनसत्त्व स्वतः वापरतात. उलट फोलेट तयार करत असल्याने रक्तातील त्याचे प्रमाण वाढलेले आढळू शकते.

निदान

लहान आतड्यातील द्रवात दर मिलिलिटरमागे १,००० किंवा अधिक जिवाणू आढळल्यास अतिवाढ मानतात. पूर्वी ही मर्यादा १,००,००० होती. श्वासचाचणीत ग्लुकोज किंवा लॅक्ट्युलोज पाजून उच्छ्वासातील हायड्रोजन व मिथेन मोजतात. ९० मिनिटांत हायड्रोजन दशलक्ष भागांत २० भागांनी वाढल्यास चाचणी सकारात्मक धरतात. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत या विकारावर संशोधन झाले आहे.

प्रतिजैविक उपचार

रिफॅक्सिमिन हे औषध आतड्यातून रक्तात फारच कमी शोषले जाते, म्हणून त्यास बहुधा प्राधान्य मिळते. ते साधारणतः दोन आठवडे देतात. मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन व डॉक्सिसायक्लिन हे अन्य पर्याय होत. मिथेन वाढलेले असल्यास रिफॅक्सिमिनसोबत निओमायसिन देतात. मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव जिवाणू नसून आर्किया या निराळ्या गटातील असतात. सर्व जिवाणू नष्ट करणे हा उपचाराचा हेतू नसून त्यांची संख्या घटवणे हा असतो. मूळ कारण कायम राहिल्यास विकार पुन्हा उद्भवतो.

आदिवासी व ग्रामीण भागातील महत्त्व

श्वासचाचणीची सोय मुख्यतः मोठ्या शहरांत असते. विसरवाडी (ता. नवापूर, जि. नंदुरबार) यांसारख्या गावांतील रुग्णाला त्यासाठी दूर जावे लागते, त्यामुळे केवळ लक्षणांवरून औषध घेण्याकडे कल होऊ शकतो. येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. रिफॅक्सिमिन हे क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनच्याच गटातील असल्याने आतड्याचा क्षयरोग नाही याची आधी खात्री करणे श्रेयस्कर असते. तसेच नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेल आजार आढळतो व त्याच्या रुग्णांना फॉलिक आम्ल दिले जाते. फॉलिक आम्लामुळे ब-१२ च्या अभावाने होणारा रक्तक्षय झाकला जाऊन मज्जातंतूंची हानी मात्र चालू राहू शकते. म्हणून दीर्घकाळ जुलाब असलेल्या अशा रुग्णात ब-१२ ची तपासणी उपयुक्त ठरते.

प्रतिजैविकांच्या अनावश्यक वापराने औषधरोधी जिवाणू वाढतात. भारतात ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याचा नियम आहे.