४३ डोळे मोजणारा डॉक्टर

मैदानावर एखाद्या पोराच्या डोळ्याला चेंडू लागला की जमलेल्यांतला एक तरी काका हमखास म्हणतो, "काय होत नाही रे, पतौडी एका डोळ्यानं खेळला!" धीर द्यायला म्हणतात, मान्य. पण त्यातला इतिहास अर्धाच आहे. सुट्ट्या लागल्यात, स्पर्धांचे फ्लेक्स चौकाचौकात लागायला लागलेत, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

पतौडींचा डोळा मैदानावर गेलाच नव्हता. १ जुलै १९६१ ला इंग्लंडमध्ये होव्ह इथं मोटारीला अपघात झाला आणि काच उजव्या डोळ्यात गेली. वय २०. पुढच्या मार्चमध्ये ते भारताचे कप्तान झाले, तेही का, तर आधीचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून कवटी फुटली होती. पतौडींना एकाऐवजी दोन चेंडू दिसायचे, टोपी उजव्या डोळ्यावर ओढून ते खेळायचे. तरी सहा कसोटी शतकं ठोकली. माणूस अफाट होता, यात वादच नाही. पण एक पतौडी झाला म्हणून आपण त्याची गोष्ट सांगतो. डोळा जाऊन बॅट माळ्यावर टाकलेल्या पोरांची गोष्ट कोण सांगणार? त्यांना कुणी मोजलंच नाही.

मोजणारा एक माणूस होऊन गेला. आपल्याकडे नाही, कॅनडात.

कॅनडाला आइस हॉकीचं वेड आपल्या क्रिकेटइतकंच. बर्फावर स्केट घालून खेळतात. चेंडूच्या जागी टणक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात, आणि ती गोळीसारखी येते. पण तोंडावर काही घालायचं म्हणजे बायकीपणा, अशी समजूत. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कच्या सामन्यात मॉन्ट्रियलचा गोलरक्षक जॅक प्लांट याच्या तोंडावर पक बसला. आत जाऊन टाके घालून घेतले आणि म्हणाला, मुखवटा घातल्याशिवाय परत उतरणार नाही. प्रशिक्षक टो ब्लेकचा मुखवट्याला सक्त विरोध. म्हणे, त्यानं नजर अडते, खेळाडू बिनधास्त होतो. पण बदली गोलरक्षक नव्हता, मग काय करणार? प्लांट मुखवटा घालून उतरला, सामना जिंकला, आणि पुढं बरेच सामने मॉन्ट्रियल हरलंच नाही.

त्याच वर्षी टोरांटोतले एक डोळ्यांचे डॉक्टर, टॉम पॅशबी, यांच्या मुलाला हॉकी खेळताना डोक्याला जबर मार लागला. दुसरा बाप असता तर पोराचं खेळणं बंद केलं असतं. पॅशबींनी ते केलं नाही. हेल्मेटच्या मागे लागले, ते कसं असावं हे ठरवणाऱ्या सरकारमान्य मानक समितीत काम केलं. आणि पुढं सगळ्यात महत्त्वाचं काम केलं. देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांना कळवलं, की हॉकीत डोळ्याला लागलेला पेशंट आला की मला कळवा. वय किती, काठी लागली की पक, डोळा वाचला की गेला. बस, एवढंच.

कागद जमत गेले. १९७४-७५ च्या एका हंगामात अडीचशेच्या आसपास डोळ्यांच्या दुखापती, आणि त्यातले ४३ डोळे कायमचे गेले. एका हंगामात, एका खेळात! त्यात शाळकरी पोरांचा भरणा मोठा. तोवर प्रत्येक गावाला वाटत होतं, आपल्याकडं एखाद्याला लागलं, नशीब त्याचं. सगळ्या गावांची नशिबं एका कागदावर आली तेव्हा कळलं, हे नशीब नव्हेच.

मग आधी काठी वर उचलण्याचा नियम कडक केला. काठीच्या जखमा घटल्या, पण पक कुठला नियम पाळतोय? म्हणून तोंडावरची जाळी आली. तिचं माप कसं ठरवलं बघा: काठीचं पातं आणि पक, दोन्ही डोळ्यापर्यंत पोचता कामा नयेत इतकी तिची भोकं बारीक. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला लहान मुलांच्या हॉकीत ही प्रमाणित जाळी सक्तीची झाली. ओरड झालीच. खर्च वाढेल, दिसणार नाही, खेळाची मजा जाईल. पॅशबी मात्र दरवर्षी मोजत राहिले. पूर्ण जाळी घातलेल्या एकाही खेळाडूचा डोळा आंधळा झाल्याची नोंद त्यांच्या यादीत येईना. जखमी होणाऱ्यांचं वयही वाढत गेलं, कारण पोरं झाकली गेली होती, उघडे राहिले होते ते मोठे.

आणि मोठ्यांचं काय? कोट्यवधी कमावणाऱ्या व्यावसायिक लीगमध्ये, एनएचएलमध्ये, डोळ्यांपुढच्या काचेची सक्ती झाली २०१३ मध्ये, तीही फक्त नव्या खेळाडूंना. त्याआधी २००० साली ब्रायन बेरार्डच्या डोळ्यात काठी जाऊन जवळपास दृष्टी गेली होती, तरी तेरा वर्षं गेली. मोठा माणूस स्वतःच्या डोळ्याचा निर्णय स्वतः घेतो, घेऊ दे. पोरांच्या बाबतीत मात्र तिथं निर्णय पोरांवर सोडला नाही.

आता आपल्या क्रिकेटकडं येऊ. इथंही तोच पुरुषार्थ आडवा आला. गावसकर हेल्मेटशिवाय मायकेल होल्डिंग-मार्शलपुढं उभे राहिले, हे आपण अभिमानानं सांगतो, मीही सांगतो. नंतर त्यांनी घातली ती डोक्यापुरती टोपडी होती, चेहरा उघडाच. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं २००० च्या फेब्रुवारीत सूचना काढली, की १८ वर्षांखालच्या मुलांनी टणक चेंडूपुढं फलंदाजी करताना आणि स्टंपजवळ यष्टिरक्षण करताना जाळीचं हेल्मेट घालावं. त्याच वर्षी मे महिन्यात ढाक्याला आशिया चषकात कुंबळेचा चेंडू आपला यष्टिरक्षक सबा करीमच्या उजव्या डोळ्यावर बसला. नोव्हेंबरमध्ये तो एक कसोटी खेळला, पण नजर पहिल्यासारखी झाली नाही, कारकीर्द तिथंच संपली. बारा वर्षांनी, ९ जुलै २०१२ ला, टाँटनला दक्षिण आफ्रिकेचा मार्क बाउचर. इम्रान ताहिरच्या चेंडूवर त्रिफळा उडाला आणि बेल थेट डाव्या डोळ्यात. चेंडू नव्हे, बोटभर लाकडाची बेल! दुसऱ्या दिवशी निवृत्ती.

दोन्ही वेळा गोलंदाज फिरकीवाला होता, हे मुद्दाम सांगतो. कारण आपल्या मैदानांवर हेल्मेट असलंच तर ते फास्ट बोलरपुढं फलंदाज घालतो. फिरकी आली की यष्टिरक्षक पोरगं स्टंपला चिकटून बसतं, तोंड उघडं. बाउचर जिथं बसला होता अगदी तिथं.

आणि फक्त टणक चेंडूच वाईट असंही नाही. क्रिकेटचा चेंडू डोळ्याच्या खोबणीपेक्षा मोठा असतो, आधी भोवतीचं हाड मार खातं. बॅडमिंटनच्या शटलचं बूच असतं जेमतेम अडीच सेंटिमीटरचं, ते हाडाला न शिवता सरळ डोळ्यावर. विटी तर दोन्हीकडून टोकदार. विटीदांडूनं आणि दसऱ्याच्या दिवसांत खेळण्यातल्या धनुष्यबाणानं डोळा गमावलेल्या मुलांच्या नोंदी आपल्याच देशातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहून ठेवल्यात. वाचतो कोण? चष्मा लावून खेळणाऱ्या पोरांच्या आईबापांना एक सांगणं: साधी काच फुटून आत जाते. खेळायला पॉलिकार्बोनेटची भिंगं आणि मागं पट्टा, असं चष्मेवाल्याला स्पष्ट सांगून करून घ्या.

डॉक्टरांकडून समजलेली आणखी एक गोष्ट. मार लागल्यावर डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, बर्फ घट्ट धरायचा नाही. कागदी कप वरून टेकवायचा, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं. वरून लाली उतरली तरी आतला मार काही वर्षांनी काचबिंदू म्हणून वर येऊ शकतो. शिवाय पोरगं सांगत नाही. एक डोळा अधू झाला तरी दुसरा भागवून नेतो. घरी एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा, कळेल.

आपल्या तालुक्याच्या स्पर्धांच्या बातमीत उद्घाटक कोण, बक्षीस किती, सामनावीर कोण, सगळं येतं. डोळ्याला लागलेल्या पोराचं वय कुठंच येत नाही. आयोजकांच्या प्रवेश अर्जात टी-शर्टच्या मापाचा रकाना असतो. या सुट्टीत त्याखाली दोन रकाने वाढवता येतील का? चष्मा आहे का, आणि मागच्या वर्षी डोळ्याला कधी लागलं होतं का. आणि १८ च्या आतल्या गटात दोन्ही संघांच्या यष्टिरक्षकांना मिळून एक जाळीचं हेल्मेट, आयोजकांच्या किटमध्ये. ज्या मंडळांना हे जमेल त्यांनी कळवावं, स्पर्धा संपल्यावर अर्ज एकत्र घेऊन आकडे मी याच पानावर टाकीन.