गोव्याचे फुटबॉल : माणूस, मैदान आणि करार

गोव्याच्या सांस्कृतिक इतिहासाचा विचार करू लागले की आपल्या लेखकांची दृष्टी प्रथम देवालयांकडे, मग भजनी सप्ताहांकडे, त्यानंतर नाट्यप्रयोगांकडे आणि अखेरीस वृत्तपत्रांकडे वळते. हे यथायोग्यच आहे. परंतु ज्या एका छंदाने या भूमीतील शेतकरी, खलाशी, खाणकामगार, भाटकार आणि शाळकरी पोर यांना एकाच बांधावर आणून उभे केले, त्या फुटबॉलला आपल्या मराठी लेखनात मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. ही उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू. आम्ही स्वतः धेंपो संघाचे पाठीराखे आहोत, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. म्हणजे पुढील मतांत पक्षपाताचा अंश दिसला तर वाचकांना त्याचे मूळ शोधत बसावे लागणार नाही.

हा खेळ गोव्यात आला तो राज्यकर्त्यांच्या हातून नव्हे. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रजी मुलखातून आलेल्या धर्मगुरूने बार्देशातील शिवोली गावी मुलांच्या पायांत चेंडू दिला, अशी नोंद आहे. त्यापूर्वी पावणेचारशे वर्षे येथे राज्य करणाऱ्या पोर्तुगीज सत्तेचा या आगमनाशी काही संबंध नव्हता. शाळा आणि चर्च यांच्या अंगणातून चेंडू निघाला आणि कापणी झालेल्या शेतांत जाऊन पोहोचला. भाताचे पीक घरी आले, जमीन वाळून कडक झाली की गावोगावच्या शेतांत दोन दोन काठ्या रोवल्या जात. त्याच गोलाच्या खुणा. तिकीट नाही, पंचाचा गणवेश नाही, पायात जोडा नाही. आणि तरीही शेजारच्या गावाविरुद्धचा सामना म्हणजे वर्षाच्या सणाइतकाच मोठा प्रसंग.

सरकारला या खेळाची आठवण झाली ती फार उशिरा. १९५१ साली पोर्तुगीज अमदानीत क्रीडामंडळ स्थापन झाले. शेजारचा भारत स्वतंत्र झाला होता, गोव्याच्या मुक्तीची मागणी जोर धरू लागली होती. अशा वेळी जनतेला आपलेसे करण्याचा एक मार्ग म्हणून सत्तेने खेळाकडे पाहिले, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही. परंतु ज्यासाठी हे केले ते साध्य झाले नाही. १९५९ साली गोवा फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. दोन वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, पोर्तुगीज सत्ता गेली. खेळ मात्र राहिला. याचे कारण उघड आहे. तो सत्तेच्या पाहुणचारावर जगत नव्हता, गावच्या बांधावर जगत होता.

गोव्याबाहेर पोटासाठी गेलेल्यांनीही तो बरोबर नेला. मुंबईच्या धोबी तलावाच्या परिसरात गावोगावच्या गोवेकरांचे ‘कूड’ होते. तेथे राहणाऱ्या लोकांच्या बोलण्यात जहाज, पगार आणि फुटबॉल हे तीन विषय हमखास असत. गोमंतकीय कुळातील नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटांच्या संघातून खेळला आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल नोंदविले. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला व त्या स्पर्धेत चौथे स्थान मिळविले.

मुक्तीच्या आगेमागे गोव्यात संघ उभे राहिले त्यांचा आश्रयदाता मुख्यतः खाणव्यवसाय होता. १९५६ साली साळगावकर संघ, १९६८ साली धेंपो संघ. लोहखनिजाचा पैसा बार्जींतून मांडवी-झुवारीच्या मुखाकडे वाहत होता. त्याचा एक लहानसा पाट फुटबॉलकडे वळला. येथे खेळाडूचा पहिला ‘करार’ दिसतो; मात्र तो करारपत्राच्या स्वरूपात नव्हता. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी सराव, दुपारी कचेरी, रविवारी सामना. रक्कम मोठी नव्हती. पण पाय मोडला तरी चूल विझणार नाही एवढी हमी होती. सासष्टीच्या ख्रिस्ती वाड्यातला पोर हिंदू खाणमालकाच्या संघातून खेळे आणि त्याचा गोल झाला की तिसवाडीतला देवळाकडचा माणूस टोपी उडवी. १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी मराठी व कोकणी या प्रश्नावर घराघरांत वाद पेटले. मैदानावर मात्र आरडाओरड दोन्ही भाषांत होत राहिली आणि पंचाला शिव्या कोणत्या भाषेत द्याव्यात यावर कधी ठराव झाला नाही.

या व्यवस्थेने कोणत्या दर्जाची माणसे दिली, याचे सर्वोत्तम उदाहरण ताळगावचा ब्रह्मानंद संखवाळकर. १९८२-८३ च्या हंगामात गोव्याने बंगालसह संयुक्तपणे संतोष करंडक मिळविला. पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये अंतिम सामन्यात पंजाबचा १-० असा पराभव करून तो एकट्याने जिंकला. आणि त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्याच्या जाळ्यात एकही चेंडू शिरला नाही. गोलरक्षक व कर्णधार ब्रह्मानंदच होता. पुढे त्याने भारताचे नेतृत्व केले. अर्जुन पुरस्कार मात्र त्याला १९९७ साली मिळाला. गोलरक्षकाचे कार्य असे की ते नीट झाले तर दिसत नाही. आमच्या मते गोव्याने निर्माण केलेल्या खेळाडूंत पहिला मान त्याचाच. ब्रुनो कुतिन्हो किंवा मावरिसियो अफोन्सो यांच्या चाहत्यांनी रागावू नये.

आता मैदानाविषयी. मडगावच्या फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम १९८९ साली उभे राहिले, आणि त्याच हंगामात संतोष करंडक गोव्याने केरळला हरवून घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकला. एखाद्या वास्तूचा याहून शुभ गृहप्रवेश तो कोणता? परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथे ऑस्ट्रेलिया व श्रीलंका यांचा एकदिवसीय क्रिकेट सामनाही झाला, आणि २०१० पर्यंत अधूनमधून क्रिकेट तेथे पाहुणा म्हणून येत राहिले. क्रिकेटशी आमचे वैर नाही. पण फुटबॉलच्या मैदानाच्या मध्यभागी खेळपट्टीचा घट्ट तुकडा ठेवणे म्हणजे भाताच्या शेतात रस्ता काढण्यासारखे आहे, दोन्हींचे नुकसान. २०१४ च्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धांसाठी मैदानाचे नूतनीकरण झाले, सुमारे १९ हजार प्रेक्षकांची सोय झाली, आणि २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने तेथे रंगले. इराणच्या मुलांनी जर्मनीला ४-० असे हरविले ते याच मैदानावर. तरीही आमचे मत असे की, भव्य स्टेडियम हे फळ आहे. मूळ गावच्या शेतात आहे. शेतजमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, तर फातोर्ड्याच्या खुर्च्या कितीही रंगविल्या तरी त्यांवर बसून पाहण्याजोगा स्थानिक खेळाडू उरणार नाही.

१९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि नोकरीच्या जागी लेखी करार आला. मुदत ठरलेली, रक्कम ठरलेली. मुदत संपली की खेळाडू मोकळा. जुन्या मंडळींना हे रुचले नाही. आमच्या मते मात्र हा बदल न्याय्य होता. नोकरीच्या व्यवस्थेत हमी होती, परंतु ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून होती. करारात खेळाडू आपल्या गुणाची किंमत स्वतः सांगू शकतो. आल्वितो डिकुन्हा साळगावकर सोडून २००२ साली कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेला आणि तेथे दशकभर राहिला, तर त्यात विश्वासघात कसला? दर्यावर्दी खलाशांच्या या प्रदेशाने तरी बाहेर कमावणाऱ्याला दोष देऊ नये.

उलट बाजूने बाहेरचे खेळाडूही येथे आले, आणि त्यांपैकी एकाचे नाव धेंपोचा पाठीराखा विसरू शकत नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरने दोन गोल केले. दुसरा गोल करताना प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. तो कोसळला तो पुन्हा उठला नाही. वय अवघे २५. धेंपोने सामना २-० असा जिंकला, आणि त्याचा १० क्रमांकाचा सदरा कायमचा निवृत्त केला. त्याच हंगामाच्या शेवटी संघाने आपले पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद मिळविले. करारपत्रात रक्कम व मुदत काळजीपूर्वक लिहिली जाते. मैदानाच्या कडेला वैद्यक आणि साधने सज्ज असतील, हे कलम त्याहून आधी लिहिले पाहिजे, हा त्या दिवसाचा धडा आहे.

त्यानंतरची वर्षे सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी होत. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपोने २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी पाच विजेतेपदे पटकाविली. २००८ साली आशियाई फुटबॉल संघाच्या चषकात उपांत्य फेरी गाठली. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम देशाचे विजेतेपद गोव्याबाहेर गेलेच नाही : चार वेळा धेंपो, दोन वेळा वार्क्याचा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स हे सारे गोव्याच्याच मातीतले; त्यांच्या पुढे गोल करणारा रँटी मार्टिन्स नायजेरियाचा. २०११-१२ च्या हंगामात त्याने ३२ गोल केले. हैदराबादेत २००८ साली आशियाई चॅलेंज चषकात अफगाणिस्तानविरुद्ध भारताचा एकमेव गोल अखेरच्या क्षणी क्लायमॅक्सने केला, तेव्हा तेथील कित्येक मराठी घरांतही गोव्याचे नाव आदराने घेतले गेले असेल.

मग हे वैभव ओसरले कसे? दोन कारणे आम्हास दिसतात. पहिले घरचे. २००९ साली धेंपो घराण्याने खाणींचा व्यवसाय विकला. २०१२ साली गोव्यातील खाणकाम न्यायालयाच्या आदेशाने थांबले. ज्या पाटाने फुटबॉलला पाणी मिळत होते तो आटला. एकाच पिकावर विसंबलेल्या शेताचे जे होते, तेच येथे झाले. दुसरे कारण बाहेरचे. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी सुमारे ७०० कोटी रुपयांच्या करारान्वये एका व्यापारी समूहास दिले. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग जन्मली आणि एफ. सी. गोवा हा नवा संघ आला. त्याच्या आरंभीच्या मालकांत साळगावकर व धेंपो घराण्यांतील मंडळीही होती. म्हणून सारा दोष परक्यांच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे नाही. नव्या संघाने आनंदही दिला. २०१५ च्या अंतिम सामन्यात फातोर्ड्यावर अखेरच्या काही मिनिटांत हातातला विजय ३-२ असा चेन्नईकडे गेला. २०१९-२० मध्ये मात्र त्याने साखळीतील अग्रस्थानाची ढाल जिंकली, आणि २०२१ साली आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा तो पहिला भारतीय संघ ठरला.

पण २०१६ साली महासंघाने जी नवी रचना मांडली तीत जुनी आय-लीग दुय्यम ठरत होती. कितीही सामने जिंकले तरी जुन्या संघास वर चढण्याची खात्री नव्हती. धेंपोने नुकतीच दुय्यम विभागाची स्पर्धा जिंकून वरची जागा परत मिळविली होती. तरीही त्या वर्षी धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही संघांनी निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतले. पाठीराख्यांना कोणी विचारले नाही. विचारणार तरी कोण? करारावर मालकाची सही असते, महासंघाची असते, खेळाडूची असते. पायऱ्यांवर बसणाऱ्याची नसते.

या प्रसंगात मालकांनी चूक केली असे आम्ही म्हणत नाही. शिडीच काढून घेतल्यावर चढण्याचा सराव कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु ज्या कागदाने शिडी काढली, त्या कागदानेच पुढे इतरांचीही पंचाईत केली. पंधरा वर्षांची मुदत संपत आली आणि जुलै २०२५ मध्ये नव्या करारावाचून सुपर लीगचा हंगामच स्थगित ठेवल्याची घोषणा झाली. त्याच महिन्यात आय-लीगच्या विजेतेपदाचा निकाल लागला तोही स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादापुढे. आधी चर्चिल ब्रदर्सला घोषित झालेले विजेतेपद लवादाने इंटर काशी संघास दिले. गोल कोणी किती केले हे मागे पडून कागदपत्रे कोणाची बरोबर, हा प्रश्न पुढे आला की खेळाचा आत्मा कोठे तरी हरवला आहे, हे सांगायला पंडिताची गरज नाही.

या साऱ्यातून आमची मते तीन. खेळाडूचा करार असावा, तो सुरक्षिततेच्या कलमांसह असावा. मैदान सरकारने बांधावे. परंतु गावच्या खेळाच्या जागा आधी राखाव्यात. आणि जिंकणाऱ्याला वर चढता येईल, हा नियम कोणत्याही व्यापारी करारात विकता येऊ नये. धेंपो संघ २०२३-२४ मध्ये चौथ्या पायरीवरून पुन्हा खेळू लागला आणि आय-लीगमध्ये परतला. पाच वेळच्या विजेत्याला असे तळापासून यावे लागले, यात कमीपणा नाही. शेतातूनच तर सारे आले होते. पुढच्या कापणीनंतर गावोगावी काठ्या रोवल्या जातील की नाही, याकडे मात्र ग्रामपंचायतींनी आणि आपण वाचकांनी लक्ष ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.