जखडलेल्या बोल्टाची कुळकथा

मोटारीच्या पोटाखालून इंजिनाचा जळका धूर मागे नेणारी जी नळ्यांची मालिका असते, तीत एखादा बोल्ट असा काही बसलेला आढळतो की धडधाकट फिटरालाही तो दाद देत नाही. पान्याला लांब नळी अडकवून आणखी जोर केला तर तो सुटतो खरा, पण अर्धाच. डोके हातात येते आणि धड आत राहते. हे इंजिनाच्या सिलिंडर हेडमध्ये घडले, म्हणजे घटकेचे काम दोन दिवसांवर जाते आणि मालकाला चाट बसते ती निराळीच.

या संकटाचे मूळ एका अर्थी कौशल्यातच आहे. अठराव्या शतकाअखेरपर्यंत प्रत्येक बोल्टाचा नट त्याच्यापुरताच असे. यंत्र उघडताना जोड्या चुकू नयेत म्हणून त्यांवर खुणा कराव्या लागत. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने मळसूत्र अचूक कापणारा लेथ सिद्ध केला. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा करून, त्यांचा मध्यम काढून, १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाण सुचविले. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंश पसंत केले. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांचा एका मापावर मेळ बसण्यास १९४८ साल उजाडले. कोणताही नट कोणत्याही बोल्टावर बसू लागला, आणि तोही घट्ट. जोडण्याची विद्या अशी पूर्णत्वास गेली. सोडण्याची मात्र बरीच मागे रेंगाळली.

मोटारीच्या धूरनळीइतकी वाईट जागा बोल्टाला दुसरी क्वचितच लाभत असेल. इंजिनालगत तिची उष्णता कित्येक शेकडा अंशांवर जाते, आणि गाडी थांबली की ती थंड पडते. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! ते वाफेच्या रूपाने निघून जाते; पण गाडी बाजारापर्यंतच जाऊन परतली, तर नळी पुरती तापत नाही आणि पाणी आतच साचते. बाहेरून रस्त्यावरचा चिखल असतोच.

लोखंड गंजले की गंजाला मूळ धातूच्या निदान दुप्पट जागा लागते. आट्यांच्या फटीत ती जागा कोठून यावी? गंज तेथे डिंकासारखा चिकटत नाही. तो पाचरीसारखा ठोकून बसतो. जोर करणाऱ्याची चूक होते ती येथे. पाचर हलत नाही, आणि गंजाने आधीच बारीक झालेला दांडा पिळवटून तुटतो.

म्हणून जाणता कारागीर प्रथम तारेच्या ब्रशाने उघडे आटे साफ करतो, कारण नटाला त्यांवरूनच बाहेर यायचे असते. मग झिरपणारे तेल सोडून तो रात्रभर थांबतो. पाना बारा कोनांचा न घेता सहा कोनांचा घेतो, म्हणजे नटाचे कोपरे झिजत नाहीत. हातोडीचे बेताचे ठोके देऊन तो बोल्ट आधी किंचित आवळतो, मग सोडतो. पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल. घाई करणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटतो. मोडलेला बोल्ट काढण्यात जाणारा वेळ त्याने मोजलेला नसतो.

तेलाची गोष्ट मोठी गमतीची आहे. घरोघरी पोचलेले डब्ल्यूडी-४० हे सॅन डिएगो येथे १९५३ मध्ये तयार झाले, ते अ‍ॅटलस अग्निबाणाच्या पत्र्यावरील पाणी हटवून गंज टाळण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नात ते साधले, म्हणून नावात ४० आला. गंज चढू नये म्हणून केलेले औषध लोकांनी गंजलेल्यावर वापरण्यास घेतले; त्या कामी खास झिरपणारी तेले अधिक गुणकारी ठरतात.

तेल हरले तर उष्णता. हेन्री ल शातेलिए याने १८९५ मध्ये अ‍ॅसिटिलीन व प्राणवायू यांची ज्योत ३,००० अंशांवर जाते हे दाखविले, आणि १९०३ मध्ये फूशे व पिकार यांनी तिची वापरण्याजोगी मशाल बनविली. १० मिलिमीटरच्या पोलादी नटाचे भोक ३०० अंश तापविल्यास अवघे ०.०३६ मिलिमीटर वाढते. एवढे थोडके वाटले तरी गंजाचा थर तडकण्यास ते पुरते, आणि निवताना तेल आत ओढले जाते. पण जवळच पेट्रोलची नळी असेल तर ज्योत म्हणजे साक्षात आग. तेथे आता विजेचे वेटोळे नटाभोवती धरून ज्योतीवाचून तो लाल करतात; त्यामागील प्रवर्तनाचे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ मध्येच शोधून ठेवले होते.

एवढे करूनही बोल्ट मोडलाच, तर उरलेल्या खुंटावर नवा नट वेल्डिंगने जोडून फिरवितात. वेल्डिंगची आचही कामी येते. छिद्र पाडून उलट्या आट्यांचे कठीण पोलादी हत्यार आत घालण्याची रीतही आहे, पण ते आतच मोडले तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही आणि मूळ दुखणे बरे म्हणण्याची पाळी येते.

१९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद काढले, तेव्हा हा प्रश्न मिटावयास हवा होता. परंतु त्याच पोलादाचा नट त्याच पोलादाच्या बोल्टावर कोरडाच आवळला, तर घर्षणाने दोन्ही पृष्ठे एकमेकांत रुततात, आणि बोल्ट गंजाशिवायच जखडतो! त्यापेक्षा कित्येक इंग्रजी मोटारींतला साधा पितळी नट शहाणा. तो लोखंडासारखा गंजत नाही, तापला की पोलादाच्या दीडपटीहून अधिक फुगतो, आणि वेळ आलीच तर छिन्नीने चिरून काढता येतो. मोलाचा बोल्ट शाबूत राहतो.