हर्रासातली गाडी: स्वस्त कुणाला पडते?

आमच्या बिलोलीकडच्या माणसाला जप्तीच्या गाड्यांचं काही नवल नाही. मांजरेची लाल रेती, सगरोळी-येसगीकडचा नदीकाठ, पुलापलीकडं तेलंगणा. रेती म्हटली की हायवा आला, हायवा आला की दंड आला आणि दंड भरला नाही की जप्ती आली. मग ती गाडी सरकारी आवारात उभी राहते. पहिल्या पावसाळ्यात बॅटरी जाते, दुसऱ्यात टायर बसतात, तिसऱ्यात बॉडीतून बाभळ वर येते. त्यानंतर कधीतरी पेपरात नोटीस येते: जाहीर लिलाव, गाडी 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे'.

अशाच एका लिलावात माझ्या मामेभावानं टिप्पर घेतला. कुठल्या कार्यालयातून ते सांगत नाही, कारण सगळीकडं कमीजास्त हेच चालतं. बाजारात जो टिप्पर नऊ-दहा लाखाला जातो, तो याला सव्वाचार लाखात मिळाला. गल्लीत पेढे वाटले पोरानं. महिन्याभरानं फोन आला, "दादा, गाडी आपल्या दारात हाय, पण कागदावर आणखीन त्याचीच हाय."

झालं असं की जुन्या मालकानं गाडी कर्जावर घेतली होती आणि आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच होता. ज्या कार्यालयानं विकली ते म्हणे, आमचं काम संपलं. फायनान्सवाले म्हणे, आमचे हप्ते आधी द्या. आरटीओ म्हणे, बोजा उतरल्याचा फॉर्म 35 आणा. सात महिने टिप्पर दारात उभा. भाडं शून्य आणि सावकाराचं व्याज चालू.

तेव्हापासून मी हे लिलावाचं प्रकरण जरा मागं जाऊन वाचायला लागलो.

आधी शब्दच बघा. आपल्याकडं जुनी माणसं 'लिलाव' म्हणत नाहीत, 'हर्रास' म्हणतात. हा अरबीतला 'हराज', हैदराबादच्या उर्दूतून आपल्या बोलीत आला. 'लिलाव' हा पोर्तुगीज शब्द, तो गोव्याच्या बाजूनं मराठीत शिरला. एकाच कामाला दोन दिशांनी दोन शब्द आले, आणि दोन्ही बाहेरून आलेल्या राज्यकर्त्यांच्या भाषेतले. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. आपला मूळ व्यवहार बाजारातला. माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी दात बघतो, पाय उचलून खूर बघतो, चालवून बघतो, मग रुमालाखाली बोटं धरून भाव करतो. हर्रासात यातलं काहीच नाही. तिथं विकणारा मूळ मालक नसतोच, मालकाकडून ओढून आणणारा असतो. त्याला त्या मालाची माहितीही नसते आणि फिकीरही नसते.

1854 साली नागपूरचं राज्य खालसा झालं. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात काढले, जडजवाहीर कलकत्त्याला विक्रीला गेलं. त्या काळचं वाहन म्हणजे हत्ती-घोडेच! तेही मातीमोल भावानं गेले. आपल्या निजामी मुलखात 1317 फसलीचा, म्हणजे 1907-08 चा, जमीन महसूल कायदा होता. सारा थकला की जप्ती, जप्तीनंतर हर्रास. पुढं राज्य बदललं, 1966 चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा आला, पण थकबाकीसाठी जंगम माल जप्त करून विकायची सोय त्यातही आहेच. रेतीच्या गाड्यांना याच कायद्याचं कलम 48 लागतं. गौण खनिजाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय गाडी सोडवायची तर वेगळी रक्कम आणि बंधपत्र. जुन्या खटाऱ्याला एवढं भरण्यापेक्षा मालक गाडीच सोडून देतो. म्हणून हर्रासात बहुतेक वेळा तीच गाडी येते जी सोडवणं मालकालाही परवडलं नाही. हे एक वाक्य मामेभावाला आधी कुणी सांगितलं असतं तर!

पण नुसती रड सांगणं खोटेपणा होईल. हर्रासानं माणसं उभीही केलीत. दुसरं महायुद्ध 1945 ला संपलं आणि लष्कराच्या उरलेल्या जीपा-ट्रक 'डिस्पोजल'मध्ये निघाले. देशात नवी गाडी मिळत नव्हती, तेव्हा या डिस्पोजलच्या गाड्यांवर कितीतरी लोकांनी मालवाहतुकीचा धंदा सुरू केला. लायसन्स राजमध्ये फियाट-अॅम्बॅसॅडरला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या तेव्हा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात निघायच्या आणि हौशी श्रीमंत त्यावर तुटून पडायचे. म्हणजे नवा माल टंचाईत असला आणि गाडी चांगल्या हातातून आलेली असली की हर्रासात पैसा होतो. आजही जो फिटर स्वतः इंजिन उघडू शकतो, त्याला होतो. बाकीच्यांनी आपण फिटर नाही हे लक्षात ठेवावं.

नावाजलेल्या गाड्यांचा लिलाव ही वेगळीच गंमत. डिसेंबर 2015 मध्ये मुंबईत दाऊदची जुनी ह्युंदाई अॅक्सेंट हिंदू महासभेच्या स्वामी चक्रपाणींनी 32,000 रुपयांत घेतली आणि गाझियाबादला नेऊन जाहीर जाळली. 2019 मध्ये ईडीनं नीरव मोदीच्या गाड्या एमएसटीसीमार्फत ऑनलाइन विकायला काढल्या, रोल्स रॉइसला 1.33 कोटीची बोली लागली. तिथंही लोकांना गाडी बघायला मिळाली, चालवून बघायला नाही. करोडपती काय आणि आमचा मामेभाऊ काय, आंधळी कोशिंबीर सारखीच.

पुराच्या गाड्यांचं प्रकरण याहून वाईट. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईतल्या हजारो गाड्या बुडाल्या. विमा कंपनी अशी गाडी 'टोटल लॉस' धरते आणि भंगार म्हणून लिलावात विकते. घेणारा ती धुऊन, सीट कव्हर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात नेतो. मराठवाड्यात ती 'मुंबईची सिंगल हॅण्ड गाडी' होऊन येते. सीटचे रूळ बघा, सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, डिकीतलं स्टेपनीचं घर बघा. गाळ आणि गंज तिथं लपून बसतो.

कायदा घेणाऱ्याच्या बाजूनं फार नाही. 1930 चा माल विक्री कायदा म्हणतो, हातोडा पडला की सौदा पक्का, आणि मालाच्या दर्जाची हमी विकणाऱ्यानं आपोआप दिलेली नसते. हातोडा पडेपर्यंत बोली मागं घेता येते हे त्याच कायद्यात आहे, पण नोटिशीच्या अटीत अनामत जप्तीचं कलम असतं, ते आधी वाचा. गाडी नावावर करायला नेहमीचा फॉर्म 29-30 चालत नाही. जाहीर लिलावासाठी फॉर्म 32 आहे, ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत, सोबत लिलावाचं प्रमाणपत्र. बोजा आहे का, टॅक्स आणि चलन किती थकलंय, हे अनामत भरायच्या आधी ऑनलाइन आणि आरटीओत बघा. आणि आपल्या सीमाभागासाठी खास: नंबर तेलंगणाचा असला तर तिकडची एनओसी आणि इकडचा टॅक्स, दोन्ही हिशोबात धरा. सरकारी खात्याची जीप घ्यायची जुनी हौस असेल तर तीही संपली. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी पुढं चालतच नाही, ती थेट भंगारात जाते.

आता सरकारला एक प्रश्न. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2002 सालीच सांगितलंय की जप्तीच्या गाड्या ठाण्यात सडवत ठेवू नका, लवकर सोडा, कुणी नेत नसेल तर विकून टाका. तो निकाल पोलिसांनी पकडलेल्या मुद्देमालाबद्दलचा, पण महसूलच्या आवारातली गाडी काय वेगळी गंजते? तीन पावसाळे उभी ठेवून सव्वाचार लाखाला विकली, तीच तीन महिन्यांत विकली असती तर तिजोरीत दुप्पट आले असते आणि घेणाऱ्याला चालती गाडी मिळाली असती. आणि विकण्याआधी फायनान्सला एक पत्र लिहून बोजाचा निकाल लावायला किती वेळ लागतो? नोटिशीत इंजिन नंबर, चेसिस नंबर छापता, त्याच्या शेजारी 'बोजा: आहे/नाही' हा एक रकाना का नाही छापत?

मामेभावाचा बोजा शेवटी उतरला. फायनान्सशी तडजोड करून वर एक लाख दहा हजार भरले. टायर, बॅटरी, पंप, पासिंग, विमा धरून टिप्पर आठ लाखाच्या पुढं गेला. आता तो नर्सीकडं मुरुमाच्या खेपा मारतो. परवा विचारत होता, "दादा, देगलूरच्या बाजूला आणखी एक हर्रास हाय म्हणं, बघून येऊ का?"

मी म्हणलं, ये, पण आरसी आधी बघ, गाडी नंतर.