खुराडे निवडताना आधी पावसाचा विचार

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली आणि २०१४ मध्ये वसई तालुका नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. या काळात इमारतींचे जंगल झपाट्याने वाढले. तरीही आगाशी, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, वाघोली या पश्चिम पट्ट्यातील गावांत केळीच्या आणि फुलांच्या वाड्या अद्याप तग धरून आहेत. त्यांच्या जोडीने परसातील कोंबड्याही टिकल्या आहेत. घरच्या अंड्यांच्या ओढीने बंगल्याच्या आवारात पाच-दहा कोंबड्या पाळू पाहणाऱ्यांची त्यात आता भर पडते आहे. अशा नवख्या पालकाचा पहिला खर्च खुराड्यावर होतो आणि पहिली चूकही बहुधा तेथेच होते.

दिवसभर वाडीत चरणाऱ्या कोंबड्या संध्याकाळी बांबूच्या डालग्याखाली झाकायच्या किंवा पडवीलगतच्या खुराड्यात कोंडायच्या, ही कोकणपट्टीची जुनी रीत. आता बाजारात आणि इंटरनेटवर लाकडी, प्लास्टिकची आयती खुराडी मिळतात. दिसायला ती सुबक असली तरी त्यांतील अनेक थंड देशांतील नमुन्यांवर बेतलेली असतात. चहूबाजूंनी बंद भिंती, लहानशी खिडकी आणि बुटके छप्पर ही बर्फापासून बचावाची रचना आहे. वसईत बर्फ पडत नाही. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो.

हवा महत्त्वाची, ऊब नव्हे

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि अंगावर पिसांची दुलई असते. येथील हिवाळा तिला सहज सोसतो. मात्र तिला घर्मग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग. हवा दमट असली की तोही अपुरा पडतो. त्यातच विष्ठेचा तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. बंद खुराड्यात ती कुजून अमोनिया वायू तयार होतो आणि त्याने डोळे व श्वासनलिका यांना इजा होते. कोंदट खुराड्यातील कोंबड्या पावसाळ्यात सर्दीने बेजार होतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

म्हणून खुराड्याच्या दोन लांब बाजूंचा वरचा निम्मा भाग तरी जाळीचा असावा. छपराखाली गरम हवा बाहेर पडण्यासाठी फट असावी. परीक्षा सोपी आहे. सकाळी दार उघडताच कोंबडी बसते त्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर खुराड्यात हवा अपुरी आहे, असे समजावे.

जागेचे गणित

'बारा कोंबड्यांसाठी' अशा जाहिरातीवर विसंबू नये. लांबी-रुंदी मोजून घ्यावी. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या प्रत्येक पक्ष्यामागे रात्रीच्या निवाऱ्यात दोन चौरस फूट जागा धरावी. दहा कोंबड्या व एक कोंबडा असल्यास सहा फूट बाय चार फूट एवढे खुराडे पुरते. पक्षी दिवसभर कोंडूनच ठेवायचे असतील, तर जोडीला जाळीचे मोठे अंगणही हवे.

रात्री बसण्यासाठी आडव्या दांड्या लागतात. प्रत्येक पक्ष्याला सुमारे आठ इंच लांबी मिळावी आणि दोन दांड्यांत फूटभर अंतर असावे. दांडी दीड ते दोन फूट उंचीवर बसवावी. गिरिराजा, वनराजा अशा वजनदार जातींसाठी ती फूटभर उंचीवर असली तरी चालते. अंडी घालण्यासाठी दर चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांबी-रुंदीची एक अंधारी पेटी ठेवावी. ती दांडीपेक्षा खाली असावी. ती वर असल्यास कोंबड्या पेटीतच झोपतात आणि अंडी घाण होतात.

दिशा आणि उंची

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंवर थेट येत नाही. पावसाळी वारा येथे नैर्ऋत्येकडून येतो. तेव्हा पश्चिमेची आखूड भिंत भरीव असावी आणि दक्षिणेकडे छप्पर तीन फूट तरी पुढे काढावे. मुसळधार पावसात त्या बाजूला ताडपत्रीचा पडदा सोडावा, मात्र पाऊस ओसरताच तो गुंडाळावा. पडदा कायमचा बांधला तर जाळीचा उपयोगच उरत नाही.

जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरारमधील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. सखल वाडीत जमिनीवरचे खुराडे अशा वेळी रातोरात बुडू शकते. चार पायांवर दोन-अडीच फूट उचललेले खुराडे येथे सुरक्षित ठरते. जमिनीवरच बांधायचे असल्यास जोते उंच घ्यावे. तळाशी भाताच्या तुसाची दोन-तीन इंचांची गादी घालावी. ती वरचेवर परतावी आणि ओली झालेली लगेच बदलावी.

रात्रीचे पाहुणे

अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही आणि ती जागची हलत नाही. रानमांजर, उदमांजर, भटकी कुत्री यांच्या ते पथ्यावर पडते. घुशी आणि साप अंडी व पिल्ले पळवतात. मुंगूस दिवसाढवळ्या येतो. षट्कोनी छिद्रांची स्वस्त जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची वेल्डेड जाळी महाग पडते, पण एका रात्रीत सगळा थवा गमावण्यापेक्षा ती स्वस्तच. जमिनीवरच्या खुराड्याभोवती जाळी फूटभर खोल पुरावी. पायांवरच्या खुराड्याच्या पायांना गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. मांजर पंजाने उचलू शकेल अशी साधी कडी न लावता फिरवून बसणारी खिटी लावावी.

साहित्याची निवड

समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. त्यामुळे जस्ताचा चांगला थर असलेली जाळी घ्यावी आणि अँगलला रंग देत राहावे. बांबू स्वस्त व हवेशीर असला तरी तो वरचेवर बदलावा लागतो. लाकडाच्या फटींत रक्त शोषणाऱ्या बारीक किडी दडतात. त्या फटी बुजवून चुना फासावा. प्लास्टिक धुण्यास सोपे, मात्र उन्हात तापते. छपरासाठी मंगलोरी कौले उत्तम. पत्रा घातल्यास त्यावर नारळाच्या झावळ्या पसराव्यात. अस्वच्छ खुराड्यापुढे कुठलेही साहित्य टिकत नाही, म्हणून माणसाला हात घालून झाडता येईल एवढे मोठे दार ही अटच मानावी.

रोग आणि शेजार

देशातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोलीपाठोपाठ वसई-विरार परिसरातही हा रोग आढळला. अशा वेळी बाधित ठिकाणाभोवतीच्या एक किलोमीटर परिघातील पक्षी नष्ट केले जातात आणि त्यात परसातले निरोगी पक्षीही जातात. रानपक्ष्यांची विष्ठा दाणापाण्यात पडू नये म्हणून दाण्याचे व पाण्याचे भांडे छपराखालीच असावे. बगळे उतरतात त्या बावखलांचे पाणी कोंबड्यांना देऊ नये. पक्षी अचानक मरू लागले तर ते न पुरता, न विकता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास लगेच कळवावे.

खुराडे विहिरीपासून आणि शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर असावे. भल्या पहाटेची बांग हा शेजारच्या तक्रारींचा नेहमीचा विषय. त्यासाठी खुराडे अंधारे करण्याचा उपाय फसवा आहे. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. बांग ही बाहेरच्या उजेडावर नव्हे, तर कोंबड्याच्या अंगच्या घड्याळावर चालते, असे जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. कोंबड्याविनाही कोंबडी अंडी देते. कोंबडा लागतो तो पिल्ले हवी असतील तरच. दाट वस्तीत केवळ माद्या पाळणे हाच शहाणपणा.

खुराडे पक्षी आणण्यापूर्वी, शक्यतो उन्हाळ्यातच उभे करावे. पहिल्या जोरदार सरीनंतर आत जाऊन तळ हाताने चाचपावा. तूस कोरडे लागले, तरच कोंबड्या आणाव्यात.